चारशे दहा नंबरचा गॅस

रविवार होता. २०२४ चा एप्रिल. न्यू पनवेलमधलं आमचं घर चौथ्या मजल्यावर, आणि वर थेट गच्ची. दुपारी अडीचला पंखा लावला की तो वारा देत नाही, स्लॅबची उष्णता सगळ्यांना समान वाटून देतो. आई ओला टॉवेल मानेवर घेऊन बसली होती. तेवढ्यात मामाचा मेसेज आला. कुठल्यातरी ग्रुपवरून पुढे ढकललेला.

'ग्रीन एसी. ७० टक्के वीजबचत. शेअर फक्त ४ रुपये. प्लांट तळोजा एमआयडीसी. लवकर घ्या.' पुढे रॉकेटची तीन चित्रं.

खाली मामाचा आवाज : "बाय, तू अकाउंटवाली ना? जरा बघून सांग. एसीचं मला कळतं. कागदाचं तू बघ."

मामाचं टपाल नाक्याजवळ दुकान आहे. दुकान म्हणजे सहा बाय दहाचा गाळा. बाहेर उघडे पडलेले कॉम्प्रेसर, आत तांब्याच्या नळ्यांची भेंडोळी आणि एक गणपती. अठ्ठावीस वर्षं तो फ्रिज-एसी दुरुस्त करतोय. गॅसला तो नंबरानेच हाक मारतो. बावीस, बत्तीस, चारशे दहा. जणू वर्गातली मुलं. त्यामुळे शेअरचा मेसेज आला तरी मामा त्यातल्या 'शेअर' या शब्दाकडे बघत नव्हता, तो 'एसी'कडे बघत होता. आणि एसीबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते त्याला पटत होतं.

कंपनीचं नाव मी इथे सांगणार नाही. नावात 'ग्रीन' होतं आणि 'कूल'ही होतं, एवढं पुरे.

पनवेलहून लोकल सुटते, म्हणून सकाळी खिडकी मिळते. वाशीला ऑफिसला जाईपर्यंतच्या वेळात मी फोनवर वाचायला लागले. तीन आठवडे वाचत होते. आणि सगळ्यात आधी मी जे वाचलं ते कंपनीबद्दल नव्हतंच. एसीबद्दल होतं. ही माझी पहिली चूक, पण तेव्हा ती चूक वाटली नाही, कारण विषयच तसा निघाला.

एसी जगाला दोनदा तापवतो. एकदा विजेमुळे, ती बहुतेक कोळशावर तयार होते म्हणून. दुसऱ्यांदा पोटातल्या गॅसमुळे. जुन्या एसीतला बावीस नंबर एक किलो हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. त्याच्या जागी आलेला चारशे दहा ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णतेच्या बाबतीत त्याहून वाईट : २,०८८. हल्लीच्या बहुतेक नव्या एसींत असतो तो बत्तीस, ६७५ वर. आणि दोनशे नव्वद नंबर म्हणजे साधा प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनसोबत असतो तोच. त्याचा आकडा तीनच्या आसपास. तो पेट घेतो, म्हणून कंपन्या बिचकतात. पण गोदरेजने जर्मन मदतीने प्रोपेनवरचे घरगुती एसी २०१२ मध्येच भारतात विकायला काढले होते.

हे आकडे मी मामाला दुकानात वाचून दाखवले. तो पाना हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "बावीसचा किती म्हणालीस?"

"अठराशे दहा."

"आम्ही नळी सोडायचो नि बाहेर चहा प्यायला जायचो. फुस्स करून सगळा गॅस हवेत. अशा किती मशिनी झाल्या असतील?" त्याने खरंच मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली. मग सोडून दिलं. "चांगला गॅस आणणारी कंपनी असेल तर पैसे लावायला हरकत नाही, बाय."

मला तेव्हा कळायला हवं होतं की आता हा माणूस शेअर घेणार.

मीही त्याच प्रवाहात होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालात भारताचा आकडा सापडला : २०१६ मध्ये देशात २.७ कोटी एसी, आणि २०५० पर्यंत ११० कोटी होण्याचा अंदाज. पुढे ग्लोबल कूलिंग प्राइझ सापडलं. २०१८ मध्ये भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साथीने ही स्पर्धा जाहीर झाली. अट अशी की नेहमीच्या एसीपेक्षा हवामानावर पाचपट कमी भार टाकणारा एसी बनवून दाखवा. अंतिम फेरीत आठ जण. एप्रिल २०२१ मध्ये दोन विजेते ठरले, चीनची ग्री आणि जपानची डायकिन, आपापल्या भागीदारांसह. आठांत विक्रोळीची गोदरेज अँड बॉयससुद्धा होती.

म्हणजे असा एसी होऊ शकतो. कोणीतरी केलाय. आमच्या स्लॅबखाली बसून हे वाचताना मला अक्षरशः गार वाटायचं. मेमध्ये महावितरणचं बिल चार हजारांवर गेलं, तेही मामाने बसवलेल्या सेकंडहँड विंडो एसीचं, जो आम्ही फक्त आईसाठी रात्री लावायचो. त्या रात्री मी कोणालाही न सांगता दीड हजार शेअर घेतले. ४ रुपये ६० पैशांनी. सहा हजार नऊशे रुपये. संशोधन अर्धवट असताना. मी बी.कॉम. आहे, लोकांची बिलं तपासून पोट भरते, हे इथे मुद्दाम नोंदवते.

कंपनीच्या सादरीकरणात त्या स्पर्धेच्या विजेत्यांचा आलेख होता आणि त्याच पानावर कंपनीचा लोगो. कुठेही लिहिलं नव्हतं की हे आमचं आहे. फक्त शेजारी ठेवलं होतं. आठ जणांच्या यादीत कंपनीचं नाव नव्हतं, हे मला आधीच माहीत होतं. तरी मी ते पान दोनदा बघितलं आणि पुढे गेले.

मग शेवटी वार्षिक अहवाल उघडला. फोनवर चौऱ्याऐंशी पानं, बोटांनी मोठी करून.

ही कंपनी आधी सुताचा व्यापार करायची. मग कर्ज देणारी झाली. लॉकडाउनमध्ये सॅनिटायझर. दोन वर्षांपूर्वी एसी. नावात नवा धंदा घालायचा तर आदल्या वर्षाची निम्मी कमाई त्या धंद्यातून हवी किंवा निम्मी मालमत्ता त्यात गुंतलेली हवी, असा सेबीचा नियम आहे. तो पाळला होता : बाहेरून तयार एसी घेऊन पुढे विकले होते. कर्मचारी सात. प्रवर्तकांचा हिस्सा तीन वर्षांत एक्कावन्न टक्क्यांवरून चौदावर. तो हिस्सा कोणाकडे गेला? छोट्या भागधारकांकडे. म्हणजे मामासारख्यांकडे. आणि दीड हजार शेअरपुरता माझ्याकडे.

संचालकांच्या अहवालात प्रत्येक कंपनीला ऊर्जाबचत आणि संशोधनाबद्दल दोन शब्द लिहावेच लागतात. तिथे संशोधन व विकासावरचा खर्च : निरंक. आणि ऊर्जाबचतीखाली, ७० टक्के वीज वाचवणाऱ्या या कंपनीने लिहिलं होतं की कंपनीच्या कामकाजात फारशी ऊर्जा लागत नसल्याने हा मुद्दा लागू नाही.

मी लोकलमध्ये एकटीच हसले. मग वाशी येऊन गेलं आणि मी सानपाड्याऐवजी मानखुर्दच्या दिशेने खाडीच्या पुलावर होते.

आणखी एक तपासणी सोपी होती, ती मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. भारतात खोलीच्या एसीला ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे. प्रत्येक मॉडेलची नोंद ऊर्जा दक्षता ब्यूरोकडे असते आणि ती कोणालाही फोनवर बघता येते. या कंपनीच्या नावावर एकही मॉडेल नव्हतं.

त्याच सुमारास मी व्हिडिओकॉनचंही वाचलं. औरंगाबादजवळ चितेगावला खरे कारखाने, घराघरांत खरे टीव्ही. २०१६ मध्ये त्यांनी सौरऊर्जेवर चालणारा एसी खरोखर बाजारात आणला, एक टनाचा ९९ हजारांना. दोन वर्षांत कंपनी दिवाळखोरी न्यायाधिकरणात. शेअर काही रुपयांवर आला, तरी लोक 'एवढं मोठं नाव' म्हणून घेत राहिले. जून २०२१ मध्ये न्यायाधिकरणाने जी योजना मंजूर केली तिच्यात भागधारकांच्या वाट्याला शून्य होतं. पुढे अपिलात ती मंजुरी रद्द झाली, पण माझ्या डोक्यात तो शून्य राहिला. तिथे तर एसी होता. आमच्याकडे तोही आहे की नाही, हे बघायचं राहिलं होतं.

शनिवारी मामाच्या स्कूटरवरून आम्ही तळोज्याला गेलो. कळंबोलीच्या स्टील मार्केटचे ट्रेलर चुकवत. अहवालातला प्लॉट नंबर शोधायला तासभर गेला. सापडली ती पत्र्याची शेड. बोर्ड दुसऱ्याच कोणाचा, पॅकिंगच्या लाकडी पॅलेटचा. वॉचमन म्हणाला, मागची एक खोली भाड्याने दिलीय, माणूस कधीतरी येतो.

मागे ताडपत्रीखाली दहा-बारा आउटडोअर युनिट होती. मामा वॉचमनशी तंबाखूवरून बोलत बोलत तिथे पोचला. हे मला कधीच जमलं नसतं. त्याने ताडपत्री उचलली, कंपनीचा हिरवा पानाचा स्टिकर नखाने थोडा सोलला आणि खालची पट्टी वाचली. मग उकिडवं बसून नळीच्या जोडावर बोट फिरवलं. माझे तीन आठवडे एकीकडे आणि हे अर्धं मिनिट एकीकडे.

"चारशे दहा," तो म्हणाला.

परत येताना तो काही बोलला नाही. कळंबोली सर्कलला उसाच्या रसाच्या गाडीवर थांबलो तेव्हा म्हणाला, "चाळीस हजार घेतलेत मी."

मला वाटलं रुपये. शेअर होते. ४ रुपये ३५ पैशांनी, एक लाख चौऱ्याहत्तर हजार. दुकानाच्या नव्या डिपॉझिटसाठी ठेवलेले. मेसेज आला त्याच आठवड्यात घेतले होते. मला विचारलं होतं ते नंतर आणखी घ्यायचे का यासाठी.

"सोमवारी विक," मी म्हटलं.

"आज पाच चाळीस आहे. चढतोय. दोन दिवस बघू."

"मामा, तू स्वतः बघितलंस ना आत्ता?"

"बघितलं. पण बाकीच्यांनी कुठे बघितलंय?"

यावर मला उत्तर नव्हतं, कारण हिशेब बरोबर होता. पेनी शेअरचा सगळा धंदा याच वाक्यावर चालतो. आपल्याला कळलंय, पुढच्याला अजून कळायचंय, त्या मधल्या वेळात विकू. मेसेज पाठवणाराही हेच म्हणत असणार, फक्त तो आमच्या आधीच्या जागी उभा होता.

सोमवारी सकाळी सव्वानऊला, बेलापूर आणि सीवूड्सच्या मध्ये, मी माझे दीड हजार विकले. ५ रुपये ४० पैशांना. बाराशे रुपये सुटले. मामाला फोन करायचं मनात होतं. पण मग मी घेतले होते हेही सांगावं लागलं असतं. शिवाय दोन दिवस बघू म्हणालाय ना, मोठा माणूस आहे, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळीही केला नाही.

मंगळवारी शेअर लोअर सर्किटला गेला. पाच टक्के खाली, आणि घेणारा एकही नाही. बुधवारीही. ज्यांनी हे कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी : स्क्रीनवर भाव दिसत असतो, तुमचे शेअर तुमच्याकडे असतात, पण विकायचं बटण दाबून काहीच होत नाही. विकणाऱ्यांच्या रांगेत तुमच्या पुढे लाखो शेअर असतात. आम्ही रोज सकाळी नऊला ऑर्डर टाकायचो, साडेतीनला ती रद्द झालेली बघायचो. पाच टक्क्यांनी पंधरवड्याच्या कामकाजात भाव निम्मा होतो. नंतर एक्स्चेंजने तो देखरेखीच्या यादीत टाकला, मग रोजचे व्यवहारही थांबले.

त्या डिसेंबरमध्ये सेबीने भारत ग्लोबल डेव्हलपर्स नावाच्या कंपनीवर अंतरिम आदेश काढला. वर्षभरात शंभर पटींहून अधिक चढलेला शेअर, मोठमोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरींच्या घोषणा, आणि तपासल्यावर धंद्याचा पत्ता नाही. मी ती बातमी मामाला पाठवली. त्याने अंगठा पाठवला.

माझं विकणं त्याला कळलं ते जुलैमध्ये. प्राप्तिकराचं विवरण मी त्याच्या दुकानातल्या टेबलावर बसून भरत होते, आधी त्याचं, मग माझं. स्क्रीन त्याच्याकडे होती. दीड हजार शेअर, विक्रीची तारीख, बाराशे रुपये नफा. त्याने ते वाचलं. मी गप्प.

"सोमवारचीच तारीख आहे," तो म्हणाला.

"हो."

बाहेर पाऊस लागला होता. एक बाई छत्री मिटत आली, एसीतून पाणी गळतंय म्हणाली. मामाने पिशवीत पाना, नळी आणि कापड टाकलं. हल्ली तो आणखी एक गोष्ट बरोबर नेतो, एक रिकामा सिलिंडर आणि छोटं मशीन. जुना गॅस त्यात भरून घेतो, हवेत सोडत नाही. मशीन उधारीवर घेतलंय. मी हप्ता विचारला तर सांगत नाही.

"शटर अर्धं ओढून घे जाताना," तो म्हणाला आणि स्कूटर काढली.

चाळीस हजार शेअर अजून त्याच्या खात्यात आहेत. शेवटचा भाव एक रुपया बारा पैसे दाखवतात.