दुसऱ्या शिक्षकाची जागा

आमच्या गावची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. पट 34, शिक्षक दोन. 2023 च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा गुरुजींची बदली झालेली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलेलं नव्हतं. राहिल्या एकट्या बाई. चार वर्ग, मुख्याध्यापकाचा पदभार, पोषण आहाराचा हिशेब आणि वर मतदार यादीचं, म्हणजे बीएलओचं काम.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. पहिली-दुसरीला फळ्यावर लिहून द्यायच्या, तिसरी-चौथीला पाढे म्हणायला बसवायच्या आणि तेवढ्यात मोबाईलवर माहिती भरायच्या. आज किती मुलं जेवली, कुणाचं आधार जुळत नाही, फोटो पाठवा, लिंक भरा. मतदार यादीचं काम निघालं की याद्या पिशवीत घालून घरोघर. तालुक्याला मीटिंग लागली की शाळा खिचडीवाल्या मावशींच्या भरवशावर. माझा धाकटा तिसरीत होता. दिवाळी आली तरी त्याला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. घरी मी घेऊन बसायचे, पण मला राग लवकर येतो. शेवटी दोघंही रडकुंडीला यायचो.

पावसाळ्यात फाट्यावर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायला लागली. काही घरांनी मुलं काढून तिकडे घातली. चौकशी आम्हीही केली होती. फीचा आकडा ऐकून गप्प बसलो. पट 28 वर आला. त्यात सप्टेंबरात बातमी आली की 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा जवळच्या मोठ्या शाळेत मिळवून समूह शाळा करायचा सरकारचा विचार आहे. अशा शाळा तेव्हा राज्यात 14 हजारांहून जास्त होत्या. आमची अजून त्यात नव्हती, पण आणखी एक-दोन जून असेच गेले असते तर गेलीच असती.

या सगळ्यात एक दिवस धाकट्याच्या दप्तरातून शाळेची वही घरी आली. बाईंची चिठ्ठी होती, ताई, सही करून द्या. पूर्वीही अशी वही येऊन गेली होती आणि मी सही केली होती. या वेळी घरात लाइट नव्हती, करायला काही नव्हतं, म्हणून वाचली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांचं इतिवृत्त. सदस्यांत माझं नाव. दर महिन्याला मी बैठकीला हजर, आणि सर्वानुमते ठराव मंजूर. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं ते भाऊ कामासाठी पुण्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

शेजारचे आबा निवृत्त केंद्रप्रमुख. वही त्यांच्याकडे नेली. ते हसले नाहीत की चिडलेही नाहीत. म्हणाले, "सगळीकडे असंच चालतं गं. वही भरलेली लागते, बाईंनी भरली." मग त्यांनी समजावून सांगितलं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करायचा तो समितीनंच. आणि कायद्याच्या शेवटी जी अनुसूची आहे तिच्यात साफ लिहिलंय की पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. दुसरा शिक्षक म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही, असं ते दोनदा म्हणाले.

त्याच वर्षी जुलैत राष्ट्रवादी फुटली होती. पारावर महिनाभर दुसरा विषय नव्हता. कोणता आमदार कुठल्या गाडीत बसला, कुणाला कुठलं खातं मिळणार, हे शेंबड्या पोरालासुद्धा पाठ. शाळा समितीचा अध्यक्ष कोण, असं मी आमच्या घरात, दिराला, सासऱ्यांना, चक्कीवर विचारून पाहिलं. कुणालाच सांगता आलं नाही. मला तरी कुठे माहीत होतं.

आम्ही पालकसभा बोलवायला लावली. बाईंनीच नोटीस काढली. त्यांना उलट बरंच वाटलं असावं. नवी समिती झाली आणि मला अध्यक्ष केलं. दुसरं कुणी तयार नव्हतं, एवढंच त्याचं कारण. मग आम्ही चौघी बायका पंचायत समितीत गेलो. साहेब नव्हते. कारकून म्हणाले, पदच रिक्त आहे, भरती झाली की देऊ, सांगतो साहेबांना. आम्ही चहा पिऊन परत. आबा म्हणाले, तोंडी सांगितलेलं कचेरीत कुणी ऐकत नसतं. पुढच्या वेळी अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. कारकुनांनी "ठेवून जा ताई" असं म्हणून पाहिलं, पण आम्ही उभ्याच राहिलो. ज्यांना या वाटेनं जायचंय त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा. पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही.

2 ऑक्टोबरची ग्रामसभा आली. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. आमच्याकडे ती नंतर घरोघर वही फिरवून भरते. त्या दिवशी मात्र शाळेतल्या मुलांच्या आया आल्या, म्हणून खरीच भरली. मी अनुसूचीतला तो मजकूर वाचून दाखवला. आवाज कापत होता, कागद त्याहून जास्त. एक म्हातारबाबा उठून म्हणाले, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात पोराला शाळेत न धाडणाऱ्या बापाला रुपया दंड होता, आता मास्तर न धाडणाऱ्या सरकारला दंड लावा. सगळे हसले, वातावरण सैल झालं.

लगेच एका गटानं सुचवलं, शाळेला कुलूप ठोका, पेपरवाले बोलवा. दुसरा गट म्हणाला, आमच्या साहेबांना फोन लावतो, कुलूप कशाला. खरा वाद शिक्षकाचा नव्हताच, बॅनरवर फोटो कुणाचा यावर तो चालला होता. कुलूप लावलं तर मुलांची खिचडी कोण देणार, असं मावशींनी विचारलं आणि तो विषय तिथंच मिटला. ठराव झाला. त्याची नक्कल ग्रामसेवकांकडून घेताना मात्र चपला झिजल्या.

ठराव पाठवूनही हालचाल दिसेना, म्हणून माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. आमच्या केंद्रातल्या प्रत्येक शाळेचा पट किती, मंजूर पदं किती, भरलेली किती, एवढंच विचारलं. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुदत संपत आली तेव्हा ते आलं. पलीकडच्या गावात मंजूर पदांपेक्षा एक शिक्षक जास्त होता.

तो कागद जोडून पुन्हा अर्ज केला आणि जानेवारीत ते सर आमच्याकडे कामगिरीवर आले. सगळ्यांना आनंद झाला. पण पलीकडच्या गावात आमच्या नावानं बोटं मोडली गेली. तिथली एक ओळखीची बाई बाजारात भेटली आणि तोंड फिरवून गेली. तिच्या मुलीचा वर्ग त्या सरांकडे होता. मी हाक मारली नाही.

सर आले आणि त्याच महिन्यात राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण सुरू झालं. 23 जानेवारीपासून सर आणि बाई दोघंही मोबाईल घेऊन दारोदार. सर्वेक्षणाला माझा विरोध नव्हता, आमचंही घर त्यात मोजलं गेलं. पण कलम 27 वाचलं तर शिक्षकाला शाळेबाहेरच्या तीनच कामांना नेता येतं. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. मतदार यादीचं कामही सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेबाहेर करून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्येच सांगितलंय. ते लिहून आम्ही अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला, उत्तर मिळालं नाही. फेब्रुवारीत सर्वेक्षण संपलं आणि आमचाही जोर ओसरला.

एप्रिलमध्ये लोकसभेच्या प्रचाराची जीप आली. आम्ही बायकांनी ती शाळेपाशी थांबवून शिक्षकाचं विचारलं. कार्यकर्ता समजूतदार होता. म्हणाला, "ताई, हा विषय जिल्हा परिषदेचा. खासदार काय करणार?" बरोबरच होतं त्याचं. माझी मोठी शेजारच्या गावी सहावीत होती. तिच्या नागरिकशास्त्रात जिल्हा परिषदेचा धडा आहे. सदस्य लोकांनी निवडायचे, शिक्षणाची वेगळी समिती, असं सगळं. तिनं विचारलं, आपला सदस्य कोण? मी म्हटलं, नाहीये. तिला वाटलं मला माहीत नाही. पण खरंच नव्हता. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांसारखी आमच्याकडेही तेव्हा प्रशासकाची राजवट होती. शाळा ज्यांच्या ताब्यात त्यांना आम्ही मत दिलेलं नव्हतं, आणि ज्यांना मत द्यायचं त्यांच्या ताब्यात शाळा नव्हती. मी तिला म्हटलं, परीक्षेत धड्यात आहे तेच लिही.

सर एप्रिलअखेर परत गेले. जूनमध्ये पवित्र पोर्टलच्या भरतीतून एक तरुण शिक्षिका आमच्याकडे रुजू झाल्या. आमच्या अर्जामुळे आल्या की भरती होणारच होती म्हणून, हे मला सांगता येणार नाही. पण जागा रिक्त असल्याचे आमचे कागद फायलीत एकावर एक पडलेले होते, एवढं खरं. धाकटा चौथीत हातच्याची वजाबाकी शिकला. पिवळी गाडी अजून येते, तरी दोन घरांनी मुलं परत आणली. पट 31.

आता माझा मुलगा पाचवीला बाहेर गेला, त्यामुळे समितीतून मी आपोआप बाद. नवी समिती निवडायची आहे. फाईल, पोचपावत्या, ठरावाच्या नकला मी बाईंकडे दिल्या आहेत. गंमत म्हणजे ज्या पदाला गेल्या वेळी माणूस मिळत नव्हता, त्याला या वेळी दोन्ही गटांनी आपापला उमेदवार काढलाय. बाई काळजीत आहेत की शाळेत राजकारण शिरेल. मावशी म्हणाल्या, शिरू दे, निदान बैठकीला तरी येतील.