मुसाफिराचा हक्क

अम्मींना औरंगाबाद पाहायचे होते. खर्चामुळे वर्षानुवर्षे राहून गेले. या डिसेंबरात गाडी मामूंची घेतली, पेट्रोल तीन घरांत वाटून घेतले आणि कडाक्याच्या थंडीत फजरनंतर आम्ही जालन्याहून निघालो. सोबत रोट्या, खिमा, थर्मासमध्ये चहा.

आझमशाहच्या आईच्या स्मरणार्थ उभारलेल्या बीबी का मकबऱ्यापुढे अम्मी बराच वेळ गप्प होत्या. मग पाणचक्की पाहिली. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून येई, त्यावर जाते फिरे आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील फकीर-मुसाफिरांसाठी पीठ दळले जाई.

"फुकट?" मुलांनी विचारले.

"मुसाफिराचा हक्कच असतो तो," अम्मी म्हणाल्या.

पुढच्या सहलीला डबा दोन माणसांचा जास्त न्यायचे आम्ही ठरवले.