मेलाय की झोपलाय?

मुलांनो, मुंबईत एक रस्ता असा आहे, की त्याचं पाटीवरचं नाव एक आणि लोकांच्या तोंडातलं नाव दुसरंच! पाटीवर लिहिलंय ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’. पण ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून कुणालाही विचारा, तो लॅमिंग्टन रोडच म्हणणार. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. ते गेले, पुढे इंग्रजही गेले, नाव मात्र चिकटून बसलं. तुमच्या आजोबांना हा रस्ता वेगळ्याच कारणानं आठवत असेल. इथल्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये १९७५ साली ‘शोले’ लागला आणि तब्बल पाच वर्षं चालला.

आपण मात्र आज सिनेमाला नाही, बाजाराला चाललोय. भाजीबाजारात जशा मिरच्या, आलं, लिंबं वेगवेगळ्या टोपल्यांत असतात ना, तसे इथे विजेच्या वस्तूंचे सुटे भाग मिळतात. वायरींची भेंडोळी, पंखे, बटणं, तांदळाएवढे दिवे. रेझिस्टर तर कागदी पट्टीला ओळीनं चिकटवलेले, उदबत्तीच्या काड्यांसारखे मोजून देतात. दुकानं इतकी अरुंद, की गिऱ्हाईक फुटपाथवर आणि दुकानदार आत. शिवाय एखाद्या जिन्याखाली, टेबलफॅनच्या वाऱ्यात, डोळ्याला भिंग लावून कुणीतरी दुरुस्ती करत बसलेलं असतं. या रस्त्याची खरी श्रीमंती म्हणजे ही माणसं, असं माझं मत आहे.

आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर. पावसाळ्याच्या तोंडावर वीज दोन-तीनदा गेली-आली आणि तो बंद पडला. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. जवळच्या एका दुकानात दाखवला, तर वरवर बघूनच उत्तर मिळालं, “बाई, हा मेला. भंगारात द्या, नवीन घ्या.” नवीन कुठून घेणार? आणि त्यात मुलांनी वर्षभर टाइप केलेल्या गोष्टी होत्या, त्यांचं काय? म्हणून चादरीत गुंडाळून तो एसटीनं कल्याणला, लोकलनं दादरला आणि गाडी बदलून ग्रँट रोडला आणला. निघताना पाचवीच्या मुलांनी एक चिठ्ठी दिली होती. त्यावर तीन प्रश्न होते. १) कॉम्प्युटर मेलाय की झोपलाय? २) आमच्या गोष्टी पुसल्या का? ३) आम्ही तो उघडून दुरुस्त करू शकतो का?

एका जिन्याखालच्या काकांनी चिठ्ठी वाचली आणि ते हसले. “बाई, पहिला प्रश्न विचारणारं पोर हुशार आहे. मी पण हेच बघतो.”

त्यांनी लगेच स्क्रू काढले नाहीत. आधी स्वतःची वायर लावून पाहिली, कारण वायरच तुटली असेल तर बाकी सगळी मेहनत फुकट. मग मागचं छोटं बटण चालू आहे का ते पाहिलं. त्यानंतर कॉम्प्युटरच्या आतला एक पत्र्याचा डबा सोडवून बाजूला काढला. याला म्हणतात एसएमपीएस. बोर्डातली २३० व्होल्टची वीज घ्यायची आणि कॉम्प्युटरला झेपेल अशी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून द्यायची, हे याचं काम. तो आधी विजेला सरळ करतो, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून तिचे तुकडे पाडतो. तुकडे इतके बारीक असले, की लहानशा ट्रान्सफॉर्मरवरही काम भागतं. जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर कधी उचललाय? आकाराच्या मानानं तो किती जड लागतो!

आता गंमत ऐका. १९९५ साली इंटेल कंपनीनं एटीएक्स नावाची पद्धत आणली. त्या पद्धतीच्या कॉम्प्युटरचं पुढचं बटण बंद केलं, तरी मागून वीज चालू असेतो हा डबा पूर्ण झोपत नाही. सगळा वाडा झोपतो, पण दारावर एक पहारेकरी जागा असतो. तो पहारेकरी म्हणजे जांभळी वायर. तिच्यात कायम ५ व्होल्ट असतात. तुम्ही बटण दाबलंत, की पहारेकरी बाकीच्यांना उठवतो.

काकांनी मीटरचं एक टोक जांभळ्या वायरीला आणि दुसरं काळीला लावलं. शून्य आलं असतं, तर पहारेकरीच गेला. नीट पाच आले असते, तर दोष दुसरीकडे. पण आकडा होता तीनच्या आसपास आणि तोही थरथरत होता. काका म्हणाले, “मेला नाही आणि नीट झोपलाही नाही. तापानं फणफणलाय!”

मग वीज काढून, थोडं थांबून त्यांनी डबा उघडला. तरी हात घातला नाही. पुन्हा मीटर! का? तर आतल्या दोन मोठ्या कपॅसिटरमध्ये चालू असताना सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात. मीटरनं शून्य दाखवल्यावरच त्यांचं बोट आत गेलं.

काचेचा फ्यूज शाबूत होता. धुळीचा थर झटकल्यावर कोपऱ्यातला एक छोटा कपॅसिटर दिसला. त्याचं सपाट डोकं पुरीसारखं टम्म फुगलेलं. तोच जांभळ्या वायरीच्या वाटेवरचा. “अरे, हजार मायक्रोफॅरड, दहा व्होल्ट, एकशेपाच डिग्री आण,” असं ओरडल्याबरोबर एक मुलगा पळाला आणि चहा यायच्या आत माल हजर! एवढं बरोबर सांगावं लागतं बरं का. मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट कमी चालत नाहीत आणि ८५ डिग्रीवाला घेतला तर या गरम डब्यात लवकर दमतो. अंगावर पट्टी असते, ती बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो.

नवा भाग जोडून झाला, पण काकांनी प्लग थेट बोर्डात घातला नाही. मध्ये एक साधा पिवळा बल्ब लावला. आत कुठे शॉर्ट असेल, तर बल्ब भक्क पेटून राहतो आणि डबा वाचतो. आमचा बल्ब क्षणभर उजळला आणि विझला. बल्ब विझल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता! आता जांभळ्या वायरीवर पुरे पाच. मग हिरवी वायर काळीला टेकवली, म्हणजेच बटण दाबल्याची खूण केली, आणि पंखा भिरभिरला. पिवळी १२.१, लाल ५, नारिंगी ३.३. पाच टक्के इकडेतिकडे चालतं.

सगळं जागच्या जागी बसवून काकांनी आपला स्क्रीन जोडला. कॉम्प्युटर सुरू झाला. ‘पाचवी गोष्टी’ या नावाची खूण उघडली, तर सगळ्या एकवीस गोष्टी तशाच होत्या. भुताच्या गोष्टी सहा!

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काकांनी चिठ्ठीच्या मागेच लिहून दिलं : “वायर, प्लग, मागचं बटण तुम्ही बघा. पत्र्याचा डबा मोठे होऊन, शिकून मग उघडा.” पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आणि हो, तिकडे जायचंच असेल तर रविवार टाळा. त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात.