चित्रातून काढलेली माणसं

चित्र हॉलच्या भिंतीत बसेना, म्हणून मी ते दोन्ही बाजूंनी आणि खालून कापून घेतलं. नॉर्मन रॉकवेल या अमेरिकी चित्रकाराचं ‘फ्रीडम ऑफ स्पीच’. दरवाजा आणि टीव्हीच्या मधल्या अरुंद पट्टीत उभा राहून बोलणारा माणूस तेवढा मावत होता. बाकीचे काढा, असं मीच फ्रेमवाल्याला सांगितलं. चित्राचा तपकिरी रंग भिंतीला शोभत होता, आणि घरात काहीतरी विचाराचं लावलंय याचं मला समाधान होतं.

त्या चित्रामागची हकीकत मी पुष्कळ उशिरा वाचली. रॉकवेल व्हरमाँटमधल्या आर्लिंग्टन गावी राहायचा. तिथली शाळा जळाली होती आणि ती पुन्हा बांधण्याच्या प्रस्तावाला गावसभेत त्याच्या एका शेजाऱ्यानं विरोध केला. त्याचं म्हणणं इतरांना पटलेलं नव्हतं, तरी त्याला कुणी अडवलं नाही. अमेरिकेचा अध्यक्ष रूझवेल्टनं जानेवारी १९४१ च्या भाषणात मांडलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी पहिलं कसं रंगवायचं, हे रॉकवेलला त्या सभेवरून सुचलं. २० फेब्रुवारी १९४३ च्या ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये ते छापून आलं. बोलणाऱ्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट, कामावरचं जॅकेट, खिशात घडी घातलेला कागद. भोवती कोट-टायमधली माणसं मान वर करून त्याच्याकडं बघतायत. मी कापून टाकली ती नेमकी ही माणसं.

तोवर आमच्या ग्रामसभेत एक प्रसंग घडून गेला होता. शेतमजुरी करणाऱ्या एक मावशी उठल्या आणि घरकुलाच्या यादीत आपलं नाव का नाही, हे विचारू लागल्या. दोनदा त्यांना थांबवलं गेलं. सभा लांबत होती. मी शेजारीच होते. त्यांचा पदर ओढून म्हटलं, “मावशी, बसा आता. काय ते लेखी द्या.” त्या बसल्या. मी शाळेत शिकवते आणि मावशींना लिहिता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. चित्र कापल्याचं मला तितकं लागत नाही. हे लागतं.

आणि मी पलूस तालुक्यातली! ते चित्र छापलं गेलं त्याच १९४३ साली आमच्या कुंडलमध्ये इंग्रज सत्तेविरुद्ध प्रतिसरकार उभं राहत होतं. ७ जूनला त्याच्या तुफान सेनेनं शेणोलीला पगार नेणारी रेल्वेगाडी लुटली, ते मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगत आले. प्रतिसरकारची न्यायमंडळं गावोगाव बसून साध्या माणसांचे तंटे ऐकून घेत, हे मात्र एका वाक्यात उरकत होते. कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३९ मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला आणि त्याचा पाया गावपंचायतीवर रचला. स्वातंत्र्याचं चित्र मी अमेरिकेतून आणलं, याचा मला पश्चात्ताप नाही, चित्र थोरच आहे. पण आमच्या मातीत लोकांनी एकमेकांचं ऐकण्याची रीत घातली होती, ती मी मुलांपर्यंत नीट पोचवली नाही.

मावशींच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी शेजारी हुता म्हणून तर उटले मी.” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पुढच्या सभेआधी मी ग्रामपंचायतीचा जमाखर्च वाचून गेले आणि घरकुलाची यादी फलकावर लावण्याची मागणी इतिवृत्तात लिहून घ्यायला लावली. यादी अजून लागलेली नाही. २६ जानेवारीच्या सभेत पुन्हा विचारायचं ठरलंय. आधी मावशी बोलणार आहेत, त्यांचं संपल्यावर मी.