जोडीदार

मारामारीचे चित्रपट पाहण्याचे माझे वय केव्हाच उलटून गेले, असे आमच्या हिचे मत आहे. आणि ते वय मला कधी आलेच नव्हते, असे माझे स्वतःचे मत आहे. छत्तीस वर्षे मी बँकेत दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या. अशा माणसाला पडद्यावर मोटार उलटताना दिसली की थरार वाटण्याऐवजी तिच्या विम्याची काळजी वाटू लागते. असे असूनही गेल्या श्रावणात मी एक अस्सल अमेरिकन मारामारीपट भरदुपारी, पडदे ओढून, अथपासून इतिपर्यंत पाहिला. आणि तोही आमच्या व्याह्यांच्या शेजारी बसून.

व्याह्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ते साताऱ्याचे. पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. आवाज असा, की त्यांनी 'चहा घेणार का?' असे विचारले तरी आपण कबुलीजबाब द्यावा असे वाटते. आमची मुलगी त्यांच्या घरी दिली, तेव्हापासून मी त्यांच्याशी जरा अदबीनेच वागत आलो. मुलीच्या बापाची ती जुनी खोड. काळ बदलला तरी मान आपोआप खाली जाते. दोन वर्षांपूर्वी विहीणबाई गेल्या. नाना साताऱ्याला एकटेच राहू लागले. पुण्याला या म्हटले, की 'बघू' म्हणत. दिवाळीला या म्हटले, तरी 'बघू'च. गेल्या दोन्ही दिवाळ्यांत ते काही आले नाहीत.

या वर्षी मात्र मोतीबिंदूने त्यांना पकडून आणले. शस्त्रक्रिया झाली. मुलगी आणि जावई दोघेही दिवसभर कचेरीत. तेव्हा सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नानांच्या डोळ्यांत थेंब घालण्याचे काम माझ्याकडे आले. मी कोथरूडहून बाणेरला बसने जाई. बरोबर हिने दिलेला डबा, गजराचे घड्याळ आणि एक वही. वहीत मी रकाने आखले होते : वेळ, औषध, थेंबांची संख्या, सही. नानांनी ती वही पाहिली आणि म्हणाले, "भाऊसाहेब, कैद्याचीसुद्धा एवढी नोंद आम्ही ठेवत नव्हतो!"

पहिले चार दिवस आम्ही एकमेकांशी हवेविषयी बोललो. पाचव्या दिवशी हवाही संपली. शेवटी नानाच म्हणाले, "तुमच्या जावयाचा तो मोठा टीव्ही लावा की. काहीतरी ठोकाठोकीचं बघू. पोलिसांचं."

मला पोलिसांचा एकच इंग्रजी चित्रपट आठवत होता. 'लीथल वेपन'. तो 1987 सालचा. मी तो पुढे दोनएक वर्षांनी शेजाऱ्यांकडे, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. त्या वेळी लक्षात राहिली ती एकच गोष्ट. त्यातला वडीलधारा पोलीस मर्टॉ पहिल्याच प्रवेशांत टबात बसलेला असतो आणि बायकोमुले केक घेऊन आत घुसतात, कारण त्याला पन्नासावे लागलेले असते. चित्रपटभर तो कुरकुरतो, की या असल्या धंद्यांचे आता माझे वय नाही. त्या काळी मला तो खरोखरच म्हातारा वाटला होता! आता सत्तरीच्या उंबऱ्यावर उभा राहून पाहतो, तो माणूस मला पोरगेला वाटू लागला. मौज अशी, की ती भूमिका करणारा डॅनी ग्लोव्हर तेव्हा जेमतेम चाळिशीचा होता.

कथानक सांगण्यासारखे फारसे नाही. स्थळ लॉस एंजेलिस, दिवस नाताळचे. उंच इमारतीवरून एक तरुण मुलगी खाली पडते. ती निघते मर्टॉच्या व्हिएतनाममधल्या जुन्या सोबत्याची मुलगी. तपासासाठी मर्टॉच्या गळ्यात एक नवा जोडीदार बांधला जातो. हा रिग्ज. मेल गिब्सनने केलेला. बायको मोटार-अपघातात गेलेली. समुद्रकाठी एका गाडीच्या घरात कुत्र्याबरोबर राहतो. जगायची इच्छा उरलेली नाही. त्यामुळे बंदुकीच्या तोंडी तो खुशाल जाऊन उभा राहतो. खात्यातल्या लोकांत वाद असा, की हा खरोखर वेडा आहे, की वेडाचे सोंग करून पेन्शन उकळू पाहतो आहे.

"पेन्शनसाठी एवढा खटाटोप?" नाना म्हणाले. "आमच्याकडे शहाण्यांचीच वेळेवर निघत नाही!"

नाना रंगात आले होते. चित्रपट पाहताना त्यांचे कथेकडे लक्ष नव्हतेच. ते खात्याची तपासणी करीत होते. पडद्यावर गोळीबार सुरू झाला, की ते बोटांवर मोजत. "अकरा... बारा... या पुंगळ्या कोण गोळा करणार? आमच्याकडे एक गोळी उडाली, तर रिकामी पुंगळी दाखवावी लागे. आणि पंचनामा? एवढं प्रेत पडलंय, पंच कुठं आहेत?" मलाही तेच वाटत होते, फक्त मोटारींच्या बाबतीत. आयुष्यात प्रथमच आम्हां दोघांचे एका विषयावर एकमत झाले.

अशा जोड्यांचे चित्रपट जगात नवे नाहीत. कुरोसावाच्या 1949 सालच्या 'स्ट्रे डॉग'मध्ये एक कोवळा डिटेक्टिव्ह स्वतःचे पिस्तूल गमावून बसतो आणि एक मुरलेला, शांत डिटेक्टिव्ह त्याला बरोबर घेऊन उन्हाळ्यातले टोकिओ धुंडाळतो. 1967 सालच्या 'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये फिलाडेल्फियाचा कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह आणि मिसिसिपीमधला गोरा पोलीसप्रमुख. तिथे दोघांच्या मध्ये सगळ्या दक्षिणेचा वर्णद्वेष उभा आहे. 1982 सालच्या '48 अवर्स'मध्ये पोलिसाचा जोडीदार चक्क तुरुंगातून अठ्ठेचाळीस तासांसाठी बाहेर काढलेला कैदी. पुढे 1998 सालच्या 'रश अवर'मध्ये हाँगकाँगचा जॅकी चॅन आणि अमेरिकेतला बडबड्या क्रिस टकर. युक्ती तीच. दोन न जुळणारी माणसे एका गाडीत बसवायची आणि दारे बाहेरून लावून घ्यायची!

ही युक्ती साधते कधी आणि फसते कधी, याचा मी पुढे बसमध्ये बराच विचार केला. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला असे वाटते, की दोघांची भांडणे कितीही खुसखुशीत असली तरी त्यांवर चित्रपट उभा राहत नाही. तो उभा राहतो, एकाने दुसऱ्याचे घर पाहिले म्हणजे. 'स्ट्रे डॉग'मध्ये तो मुरलेला डिटेक्टिव्ह तरुणाला घरी नेतो, त्याच्याबरोबर बीअर पितो, झोपलेली मुले त्याला दाखवतो. 'लीथल वेपन'मध्ये मर्टॉ रिग्जला घरी जेवायला नेतो. त्याच्या बायकोच्या हातच्या स्वयंपाकाची घरातच थट्टा चालते. अंगणात एक नाव उभी आहे. तिकडे रिग्जच्या त्या फिरत्या घरात एकाच माणसाची हालचाल. अमेरिकेच्या पडद्यावर काळा माणूस बायकोमुलांत रमलेला आणि गोरा माणूस बेघर, ही उलटापालट त्या वेळी लहान नव्हती. पण चित्रपट तिचा गाजावाजा करीत नाही, हे मला आवडले.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसलो, त्याकडे वळतो.

चित्रपटाच्या सुरुवातीलाच एका रात्री रिग्ज आपल्या घरात एकटा बसतो, बायकोचा फोटो समोर धरतो आणि पिस्तुलाची नळी तोंडात घालतो. चाप ओढायला जातो आणि ओढवत नाही. रडतो. हा प्रसंग मी साफ विसरलो होतो. विसरलो नसतो, तर हा चित्रपट लावलाच नसता. नाना गप्प झाले. पुंगळ्यांचा हिशेब थांबला. माझा हात रिमोटकडे गेला, तर नाना म्हणाले, "राहू द्या."

पुढे एक प्रसंग आहे. उंचावरून उडी घ्यायला निघालेल्या एका माणसाला रिग्ज समजवायला जातो, स्वतःला त्याच्याशी बेडीने जखडून घेतो आणि दोघांनाही घेऊन खाली पसरलेल्या हवेच्या गादीवर उडी मारतो. मर्टॉ संतापतो. मरायचेच असेल तर हे घे, मर, असे म्हणून आपले पिस्तूल त्याच्या हाती देतो. रिग्ज ते खरोखर लावून घेतो, आणि ऐन वेळी मर्टॉला घोडा हाताने अडवावा लागतो. तेव्हा त्याला कळते, की हे सोंग नाही.

त्याच क्षणी माझ्या घड्याळाचा गजर झाला. पावणेतीनचा थेंब. मी चित्रपट थांबवला, हात धुतले, नानांनी मान मागे टाकली. मी पापणी खाली ओढली. आणि डोळा तसाच उघडा ठेवून, छताकडे पाहत ते म्हणाले, "रिटायर होताना रिव्हॉल्व्हर सरकारजमा करावं लागतं. बरं असतं ते."

मी थेंब घातला. हात थोडा हलला असावा, कारण दोन पडले. काय बोलावे ते मला सुचेना. बँकेत असताना कितीतरी माणसे समोरच्या खुर्चीत बसून रडलेली मी पाहिली आहेत. त्यांना मी पाणी देत असे आणि फॉर्म देत असे. इथे फॉर्म नव्हता. मी म्हटले, "नाना, दोन मिनिटं डोळा मिटून ठेवा." ते म्हणाले, "हो." मग डोळा मिटूनच, बराच वेळाने, "ती गेल्यावर सहा महिने. आता तसं काही नाही." मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. वहीत त्या वेळची नोंद करायची राहून गेली. तो रकाना अजून कोराच आहे.

उरलेला चित्रपट आम्ही पाहिला. पण उत्तरार्ध त्या तोडीचा नाही. व्हिएतनाममधले जुने सैनिक, त्यांची अफूगर्दाची चोरटी आयात, पळवून नेलेली मुलगी, स्फोट : कुठल्याही मारामारीपटात खपून जाईल असा माल. शेवटी तर मर्टॉच्या अंगणात, फुटलेल्या नळाच्या फवाऱ्याखाली रिग्ज आणि खलनायक कुस्ती खेळतात आणि भोवती सगळे पोलीस खाते बघ्यांसारखे उभे! "सगळे सस्पेंड!" नानांनी जागच्या जागी हुकूम काढला. आणि पुढे 1989, 1992 आणि 1998 साली याच जोडीचे आणखी तीन चित्रपट निघाले. दोन अनोळखी माणसांची ओळख एकदाच होऊ शकते. नंतर उरते ती दोन मित्रांची नोकझोक. ती करमणूक करते, पण दारे लावलेल्या गाडीतली ती पहिली घुसमट तिच्यात कुठून येणार?

अगदी शेवट मात्र पुन्हा घराशी येतो. रिग्ज बायकोच्या थडग्यावर जाऊन येतो, आणि स्वतःसाठी राखून ठेवलेली गोळी फीत बांधून मर्टॉच्या मुलीच्या हाती देतो. बापाला दे म्हणतो. तो परत जायला वळतो, तोच मर्टॉ त्याला नाताळच्या जेवणाला अडवतो. कुत्र्यालाही आत घेतो. नाना त्या वेळी काही बोलले नाहीत. काळा चष्मा होता, त्यामुळे मला काही दिसलेही नाही.

डोळा बरा झाला आणि नाना साताऱ्याला परतले. परवा मी फोन केला. या वेळी 'दिवाळीला या' असे विचारलेच नाही. स्वारगेटला कितीच्या एसटीने उतरणार, तेवढेच विचारले. पलीकडे जरा वेळ शांतता. मग तोच कबुलीजबाब घेणारा आवाज : "वसुबारसेला येतो. पण चकल्या कडक झाल्या असतील, तर मी तोंडावर सांगणार. विहीणबाईंना आधीच सांगून ठेवा."

सांगून ठेवले. तेव्हापासून हिने भाजणी दोनदा दळून आणली आहे.