पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी वर्गात निदान शंभर वेळा तरी समजावून सांगितली असेल. पण तिच्यातली खरी अडचण माझ्या ध्यानात आली ती २०२४ सालच्या मे महिन्यात, ऑस्ट्रेलियातल्या न्यूएल हायवेवर. विंचू आपले बिऱ्हाड घेऊन भिंतीच्या कडेकडेने जातो. त्याच्या मागे सव्वीस मीटर लांबीचा आणि साठ टनांहून अधिक वजनाचा ट्रक लागलेला नसतो.

माझी ताई आणि दाजी गेली तीस वर्षे मेलबर्नला असतात. दाजी इंजिनिअर. आयुष्यभर इतरांचे पूल तपासून झाल्यावर निवृत्तीच्या दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एक कॅरॅव्हान विकत घेतली. कॅरॅव्हान म्हणजे मोटारीला मागून जोडायचे आणि ओढत न्यायचे चाकांवरचे घर. आत दोन पलंग, बसायला बाक, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि हातभर लांबीचा ओटा. ओट्यावरच्या फडताळात ताईने गणपती बसवला होता. वळणावर तो कलंडू नये म्हणून एका बाजूला हळदीचा आणि दुसऱ्या बाजूला गोड्या मसाल्याचा डबा. त्या देशात अशी निवृत्त जोडपी हजारोंनी रस्त्यावर असतात. तिकडचा हिवाळा सुरू झाला, की ऊब शोधत ती उत्तरेकडे निघतात. लोक त्यांना ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. पिकल्या केसांचे भटके म्हणा ना!

आम्ही निघालो होतो ब्रिस्बेनला, भाचीकडे. न्यूएल हायवे मरे नदीकाठच्या टोकमवालपासून निघतो आणि क्वीन्सलँडच्या हद्दीवरच्या गुंडीविंडीला संपतो. अंतर सुमारे १,०६० किलोमीटर. मेलबर्न आणि ब्रिस्बेन या दोन शहरांमधला माल मुख्यतः याच वाटेने जातो-येतो. रस्ता उत्तम, पण बहुतेक ठिकाणी जायला एक पट्टा आणि यायला एक. मधून मधून ओलांडून जाण्यासाठी किलोमीटर-दीड किलोमीटर जादा पट्टा दिलेला. जड ट्रकांना कायद्याने ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा आहे, आणि ते बरोबर शंभरानेच धावतात; त्यांच्या इंजिनालाच तसा लगाम घातलेला असतो. दाजी नव्वदीच्या आतबाहेर चालवीत. जादा पट्टा आला की मात्र रस्ता रुंद दिसल्यामुळे त्यांचा पाय नकळत जड होई आणि काटा शंभरावर जाई. मागचा ट्रकवाला ज्या संधीची वीस किलोमीटर वाट पाहत आलेला असे, ती अशी निसटून जाई. पट्टा संपला, की दाजी पुन्हा नव्वदीवर. त्यांच्या मनात काही वाकडे नसे. हे त्यांना सांगण्याचे धैर्य ताईलाही नव्हते, मग मला कुठून असणार?

मोटारीत एक छोटा रेडिओ होता. त्या देशातले ट्रकवाले चाळीस नंबरच्या चॅनेलवर एकमेकांशी बोलतात, आणि शहाणे कॅरॅव्हानवालेही तोच लावून ठेवतात. आपल्या घराच्या पाठीवर तसे लिहूनही ठेवतात. त्या चॅनेलवरची भाषा कुटुंबवत्सल नाही. मी शिव्यांचा अभ्यासक नाही, तरी दोन तासांत माझ्या संग्रहात बरीच भर पडली. मध्येच कोणीतरी अस्सल पंजाबीत घरच्या गोष्टी बोलत असे. ताई म्हणाली, “याचा आवाज बारीक कर.” दाजींनी तो इतका बारीक केला, की असून नसल्यासारखा.

पहिल्या दिवशी नॅरँडेरा मागे टाकून आम्ही वेस्ट वायालाँगच्या रोखाने चाललो असता दिवस कलला. दिवेलागणीला तिथे कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून दाजींनी पहिली विश्रांतीची जागा दिसताच गाडी आत घेतली. डावीकडे मोटारींसाठी छोट्या जागा होत्या. पण तिथे उतार होता. उजवीकडचा लांबलचक पट्टा सपाट होता. तो ट्रकांसाठी आहे अशी पाटी होती, आणि ती आम्ही तिघांनीही वाचली होती. पण तिथे आधीच दोन कॅरॅव्हान उभ्या होत्या. दुसऱ्याने आधी केलेली चूक माणसाला किती लवकर पटते! आम्ही तिसरे झालो. ताईने पिठले टाकले. बाहेर थंडी होती, आकाशात चांदणे होते, आणि फुकटच्या जागेची एक वेगळीच गोडी असते.

रात्री अकराच्या सुमारास एक ट्रक आत आला. त्याच्या दिव्यांचा झोत आमच्या पडद्यावरून सरकत गेला. तो थांबला. इंजिन घुरघुरत राहिले. मग हवेच्या ब्रेकचा तो सुस्कारा ऐकू आला. एक-दोन मिनिटे गेली असतील. पुन्हा गिअर पडला, आणि तो हळूहळू बाहेर रस्त्याला लागला.

“गेला वाटतं,” दाजी झोपेत पुटपुटले.

मला बरे वाटले. हे लिहायला सुखाचे नाही. पण बरे वाटले आणि मी कुशीवर वळून झोपलो.

दुसऱ्या दिवशी पार्क्स गाव ओलांडल्यावर तिथली प्रसिद्ध रेडिओ-दुर्बीण दिसली. चौसष्ट मीटर व्यासाची ती प्रचंड परात १९६१ पासून आकाशाकडे कान लावून बसली आहे. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला तेव्हाची चित्रे जगाला दाखवण्यात तिचाही वाटा होता. ती पाहण्यासाठी उतरलो आणि परत बसताना दाजींच्या कमरेत उसण भरली. “मास्तर,” ते म्हणाले, “डबोपर्यंत तू घे जरा. सरळच रस्ता आहे.” भारतातला इंग्रजी परवाना पाहुण्याला तिथे चालतो. शिवाय पुण्यात पंधरा वर्षे मोटार चालवलेल्या माणसाला सरळ रस्त्याची कसली भीती?

अर्ध्या तासाने आरशात ट्रक दिसू लागला. आधी काडेपेटीएवढा, मग कपाटाएवढा, मग आरशात दुसरे काही उरलेच नाही. रेडिओवर कोणीतरी काही बोलले. बारीक केलेल्या आवाजात मला ते कळले नाही. पण वडीलधाऱ्यांना वाट द्यावी, हे मला कोणी शिकवायला नको होते. माझे लहानपण कोल्हापूरचे. आंबा घाटातून एस. टी. ने आजोळी जाताना मी खिडकीशी बसत असे, आणि पुढच्या मालट्रकमधून ड्रायव्हरचा उजवा हात बाहेर येऊन संथपणे हलत असे: ये बाबा, पुढे मोकळे आहे. ट्रक डाव्या कडेला मातीत उतरे, आमची एस. टी. पुढे जाई, आणि आमचा ड्रायव्हर हॉर्नचा एक छोटासा टुकार काढून उपकार फेडी. माझ्या मनातल्या दिलदारपणाचे चित्र काढायचे झाले, तर ते तसल्या हाताचेच निघेल.

तेव्हा मीही दिलदार झालो. पाय ब्रेकवर ठेवला आणि डावी चाके डांबरावरून खाली खडीत उतरवली.

नेमक्या त्याच क्षणी ट्रक मला ओलांडण्यासाठी उजवीकडे निघाला होता. त्याने ढकललेल्या हवेचा लोंढा आमच्या घराच्या भिंतीवर आदळला. खडीत चाकांना पकड नव्हती. मागचे घर आधी डावीकडे गेले, मग उजवीकडे. मग मोटारीलाच ते शेपटासारखे हलवू लागले. मी ब्रेक आणखी दाबणार तोच दाजी ओरडले, “ब्रेक नको! पाय काढ! चाक सरळ धर!” आणि त्यांनी हात लांबवून डॅशबोर्डाखालचा एक खटका दाबून धरला. त्या खटक्याने फक्त कॅरॅव्हानचे ब्रेक लागतात. घर मागे खेचले गेले, ताणले गेले आणि सरळ झाले. ट्रक निघून गेला. सारे मिळून दहा सेकंदांचे काम.

पुढे रुंद जागा पाहून मी गाडी उभी केली. ताई मागच्या सीटवर बसली होती. ती काही बोलली नाही. उतरून तिने कॅरॅव्हानचे दार उघडले. हळदीचा डबा फुटला होता. पलंग, ओटा, पडदे, सारे पिवळे. गणपती मात्र जागेवर, हळदीने न्हालेला. ताईने तो उचलला आणि तिचे हात थरथरू लागले. दाजी माझ्यावर रागावले असते तर मला सोसले असते. ते नुसते म्हणाले, “चूक माझी. तुला द्यायलाच नको होती.”

डबोच्या वेशीवर पेट्रोल पंपाला जोडलेली एक खानावळ होती. आम्ही चहा घेत बसलो असता आखूड विजार घातलेला, पन्नाशीचा एक गृहस्थ आमच्या टेबलाशी आला. ती बाहेरची पांढरी व्हॅन तुमची का, असे त्याने विचारले. मी उठून उभा राहिलो. वर्गात उशिरा आलेला विद्यार्थी राहतो तसा.

“तुम्ही माझ्यासाठी बाजूला झालात, हे मला कळलं,” तो म्हणाला. “आभारी आहे. पण पुन्हा करू नका.”

मग तो बसला आणि मिठाची व मिरीची बाटली घेऊन त्याने मला धडा दिला. मी खडीत उतरलो की माझ्या चाकांचे खडे त्याच्या काचेवर उडतात. मी आधीच वेग कमी केला, की त्यालाही करावा लागतो. आणि साठ टनांचा गेलेला वेग परत यायला फार वेळ लागतो. मी हाताने पुढे जाण्याची खूण केली, तर तिच्यावर तो विसंबणार नाही. त्याच्या उंचीवरून त्याला माझ्यापेक्षा लांबचे दिसते. “तुम्ही काही करू नका,” तो म्हणाला. “आहात तिथे, आहात तसे चालत राहा. करायचं ते मी करतो. मी पूर्ण बाहेर आलो, तुमच्या बाजूला लागलो, की मग पेडलवरचा पाय थोडा सैल सोडा. ब्रेक नाही, नुसता सैल.”

दाजींनी खिशातून पेन काढून कागदी रुमालावर हिशेब मांडला. ट्रक शंभराने, आपण नव्वदने. दोघांची लांबी आणि मागेपुढे सुरक्षित अंतर मिळून शंभर मीटर धरले, तर ओलांडायला छत्तीस सेकंद, म्हणजे समोरच्या पट्ट्यावरून एक किलोमीटर. तेच तो बाहेर आल्यावर आपण ऐंशीवर आलो, तर अठरा सेकंद आणि अर्धा किलोमीटर. रुमालाकडे पाहत दाजी बराच वेळ गप्प होते. त्यांना जादा पट्ट्यावरचा आपला जड पाय आठवत असावा.

ताईने चिवड्याची पुडी त्याच्यापुढे सरकवली. त्याने चिमूटभर खाल्ला, डोळ्यांत पाणी आले, आणि त्याने पुन्हा हात घातला. आज लवकर थांबायचे आहे, तो म्हणाला. काल झोप नीट झाली नाही. ट्रकवाल्यांच्या तासांचा तिथे कडक कायदा आहे. साडेपाच तासांत सव्वापाच तासांहून अधिक काम नाही. चोवीस तासांत बारा तासांहून अधिक नाही. आणि सलग सात तास गाडी उभी करून विश्रांती. सारे वहीत लिहायचे, पोलीस ती वही तपासतात. “सात तास थांब, असं कायदा सांगतो. कुठे थांब, ते मी बघायचं,” तो म्हणाला. “रात्री जागा शोधत आत जावं, तर तिथे लोक पडदे लावून झोपलेले. हॉर्न वाजवून म्हाताऱ्या माणसांना उठवणार का? पुढची जागा बघायची. डोळे मिटायला लागलेले असतात.”

तो कालचा ट्रक याचा नव्हता. हा तर रात्री कूनाबराब्रनच्या पलीकडे होता. तरीही आम्ही तिघे चहाच्या पेल्यांत पाहत बसलो. आमच्यापैकी कोणीही त्याला सांगितले नाही.

उठताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. रस्त्याच्या कडेच्या खांबांवर हिरवे परावर्तक दिसतात: आधी तीन, मग दोन, मग एक. पुढे ट्रक उभा करण्याजोगी जागा आहे, अशी ती खूण. एका ट्रकवाल्याच्याच खटपटीतून ती सुरू झाली. “तीन हिरवे दिसले, की समजा ती आमची झोपायची खोली,” असे म्हणून तो गेला.

सुजनाचा भाव तो सौजन्य, अशी फोड मी फळ्यावर करून देतो. आपली जागा दुसऱ्याला देणे, असा त्याचा अर्थही सांगतो. इथे दिवसा मी जागा द्यायला नको होती ती दिली, आणि रात्री द्यायला हवी होती ती दिली नाही. पहिल्या वेळी तिघांचा जीव धोक्यात घालूनही मला स्वतःचा अभिमान वाटत होता. दुसऱ्या वेळी तर मी झोपलो होतो.

त्या रात्री आम्ही पैसे मोजून गिलगांड्राच्या कॅरॅव्हान पार्कात उतरलो. ताई दहापर्यंत हळद पुशीत होती. सकाळी निघताना दाजींनी रेडिओचा आवाज वाढवला आणि ध्वनिक्षेपक माझ्या हाती दिला. “मास्तर, आज तू बोलायचं.”

पिलिगाच्या जंगलात, नाराब्रायच्या अलीकडे, आरसा पुन्हा भरला. खरखरीतून आवाज आला. या वेळी मला तो समजला. इंग्रजीत तो म्हणत होता, व्हॅनवाले, मी येतो. निघून जायचे असताना ‘येतो’ म्हणणारे आपणच, अशी माझी समजूत होती. दाजींनी वेग हलवला नाही, चाक हलवले नाही. ट्रकचे नाक दाजींच्या खिडकीशी आले, तेव्हा त्यांचा पाय किंचित वर झाला. हवेचा लोंढा आला, घर जरासे शहारले आणि थांबले. समोर झाडांखेरीज काही नव्हते. ट्रक डावीकडे आमच्या पुढे आला आणि त्याचे मागचे दिवे एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे लुकलुकले.

“बोल की!” दाजी म्हणाले.

मी घाईघाईने कळ दाबली. दोन दिवस पाठ केलेले इंग्रजी त्या क्षणी कुठे गेले कोण जाणे. दारापर्यंत पोचवायला आल्यासारखा मी म्हणालो, “या!”

क्षणभर खरखर. मग गोंधळलेला आवाज: काय म्हणालात?

“त्याला म्हणावं,” ताई मागून म्हणाली, “परत येताना चिवडा घेऊन जा.”