मैना कुणाची?

साकीनाका

चि. अद्वैत,


मंडळाच्या गणपतीत तू ‘माझी मैना गावावर राहिली’ म्हटलंस, त्याचा व्हिडिओ ताईने पाठवला. आवाज छान लागलाय. पण पत्रिकेत गाण्यापुढे ‘पारंपरिक’ छापलंय, ते डोळ्यांत खुपलं.

तुमच्या इंग्लंडात सेसिल शार्प १९०३पासून सॉमरसेटच्या खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीतं उतरवून घेत होता. ती रचली कुणी, हे बहुतेकदा गाणाऱ्यांनाही ठाऊक नसायचं. मैनेचं तसं नाही रे. तिचे कर्ते अण्णा भाऊ साठे, आणि ते राहायचे घाटकोपरच्या चिरागनगरात. आपल्या साकीनाक्याहून आता मेट्रोने तिसरं स्टेशन.

अण्णा भाऊ १९२०चे, वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे, मातंग घरातले. पोरवयात आईबापांबरोबर पायी मुंबईला आले, गिरणीत राबले, कम्युनिस्ट झाले. १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैनेची ही छक्कड, म्हणजे लावणीचाच एक प्रकार, अमर शेखांच्या पहाडी आवाजात सभासभांतून गाजली.

तू म्हटलास तो बायकोच्या रूपाचा भाग. पुढे गरिबीने ताटातूट होते, नवरा मुंबईहून दागिने आणायचं कबूल करून निघतो. ऑर्केस्ट्रावाले साधारण इथेच आटोपतात, टाळ्याही पडतात. शाहीर मात्र पुढे मुंबईतली बेकारांची गर्दी दाखवतो, फाउंटनवरचा मोर्चा दाखवतो आणि थेट बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावला पोचतो. मैना जशी धन्याला दुरावली, तसा हा मुलूख महाराष्ट्राला दुरावला! विरहाची लावणी ऐकायला बसलेल्या गिरणी कामगाराला सीमाप्रश्न समजायचा तो असा, त्याच्याच घरच्या दुःखातून. तासभर भाषण ठोकूनही हे साधलं नसतं. बायको गावी आणि आपण दहाजणांच्या खोलीत, हे परळ-लालबागला तेव्हा घरोघरी होतं. आपल्या खैरानी रोडच्या गाळ्यांत मशिनीवरच्या माळ्यावर झोपणाऱ्या पोरांचं आज तेच चाललंय. त्यांची मैना गोंडा-बस्तीकडे, एवढाच फरक.

१ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. डांग-उंबरगाव गुजरातेत गेले. बेळगाव-कारवार तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. त्यामुळे छक्कडीचा शेवट अजून शिळा झालेला नाही. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ला गेले. त्याच ऑगस्टात अमर शेखही गेले.

पुढच्या खेपेला गाणं पुरतं म्हण. लांबतंय अशी कुरकुर झालीच, तर रूपवर्णनाला कात्री लाव, बेळगावला नको. आणि पत्रिका छापायच्या आधी स्वतः डोळ्यांखालून घाल. नाव हवं ते असं: शाहीर अण्णा भाऊ साठे.

तुझा,
मामा